तिसरा रकाना

शुक्रवार, माघ वद्य अष्टमी. मु. राहू.

सप्ताहाच्या पंगतीत आज भाकरी कमी पडल्या. शेवटच्या ओळीतल्या बाया नुसत्या आमटी-भातावर उठल्या. सगळे पंगतीची व्यवस्था बघणाऱ्या आप्पांना बोलले. मी आमटी वाढत राहिले.

तीन वस्त्यांच्या तीन वह्या, आमच्या वस्तीची माझ्याकडं. तिसऱ्या रकान्यात कोणत्या घरच्या किती भाकरी, ते. यंदा मी कुणाला न विचारता आमच्या वहीत तिथं घरातली माणसं लिहिली, भाकरी चौथ्यात. वर मथळाही नाही, मला ठाऊक होतं ना. आप्पांनी नेहमीसारखा तिसरा रकाना वाचून घरोघरी सांगावा धाडला. वीस भाकरी देणाऱ्या घरानं पाचच दिल्या.

पुण्यात कंप्युटरवर काम करणारी लेक फोनवर हसली. "आई, आमच्याकडं एकच माहिती चार मशिनींत असती. एकीचे रकाने निराळे झाले, की तिला बंद करायची, आन् बाकीच्यांवरून रकाने उतरवून परत चालू करायची."

"आन् माझेच रकाने बरे असले तर?"

"मग आधी सगळ्यांना विचारायचं व्हतं."

उद्या काल्याची पंगत. नव्या रेघा मारून झाल्या, तिसरा रकाना भाकरींचाच. चूक माझी, हे आप्पांना सांगायचंय; त्यांचं घर चार उंबऱ्यांवर आहे, आणि मी अजून इथं लिहीत बसले आहे.