दुकानातून जाणारा जिना

मी, गुलाबराव नामदेव तायडे, वय ७४, राहणार मलकापूर, जिल्हा बुलढाणा, एका साप्ताहिकाचा निवृत्त चित्रपट-समीक्षक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. दबाव असलाच तर खालच्या मजल्यावरच्या लाउडस्पीकरचा. तो नाताळच्या सेलपर्यंत राहील.

१. घर माझ्या स्वकष्टाचे आहे. खाली मुलगा प्रसेनजित याचे कापडाचे दुकान, वर माझी खोली. बाहेरचा जिना त्याने काचेच्या शोकेससाठी पाडला. तेव्हापासून खाली उतरण्याचा रस्ता दुकानातूनच आहे.

२. माझ्या चित्रपटांच्या सीडी आणि कात्रणांची फाईल नात समता हिला द्यावी. दर डिसेंबरात मी नाताळच्या विदेशी चित्रपटांवर लिहीत असे. त्यांत लोभी दुकानदाराला शेवटच्या दहा मिनिटांत उपरती होते, सण विकत मिळत नाही असे सगळे म्हणतात आणि मग भेटीच्या खोक्यांच्या ढिगात बसून हसतात. बाजाराला नावे ठेवणारा चित्रपटही शेवटी बाजारातच विकला जातो. हे मी एकोणीस वर्षे लिहिले. लेखाखाली प्रसेनजितच्या सेलची जाहिरात असे. तिच्याशिवाय माझे पान निघत नव्हते. आमच्या बौद्ध घरात नाताळ कोणी पाळत नाही. दुकानात तो पंधरा दिवस चालतो.

३. पत्नी पंचफुला २४ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी वारली. खाली मोताळ्याकडची गिऱ्हाइके भरली होती. प्रसेनजित वर आला, रडला आणि म्हणाला, "बाबा, थोडी गर्दी उतरू द्या. आईले लोकाइच्या धक्क्यातून कसं नेऊ?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ती दुपारी चारपर्यंत वरच होती. माझा लेख पाचला द्यायचा होता. तिच्याजवळ बसून मी तो लिहिला आणि वेळेत दिला. मुलाला दोष देताना हे लपवू नये, म्हणून नोंदवतो.

४. म्हणून अट. मी जाईन त्या दिवशी, महिना कोणताही असो, दुकान दिवसभर बंद ठेवावे आणि मला गर्दीसाठी न थांबवता खाली न्यावे. तसे केले तर घर व दुकानाची जागा प्रसेनजितची. न केल्यास समताची.

५. हा मसुदा प्रसेनजितला वाचायला दिला. तो रागावला नाही. म्हणाला, "ठेवीन नं बंद, बाबा. पण डिसेंबर असला तर दुसऱ्या दिवशी बोर्ड लावा लागन. 'बाबांच्या आठवणीत डबल सूट.' काल काऊन बंद होतं, ते लोकाइले सांगाच लागन."

असा बोर्ड लावू नये अशी अट घालता येईल का, हे वकिलांना विचारले. आपला फोटो कुठे लावू नये असे लिहिता येते, म्हणाले. मुलाने बापाची आठवण काढू नये असे लिहिता येत नाही.

तेव्हा मसुदा आहे तसाच ठेवून सही करतो.

गु. ना. तायडे
वरची खोली, मलकापूर
१९ डिसेंबर २०२५

आम्हां दोघांसमक्ष सही झाली:
१) संघपाल रामभाऊ इंगळे
२) चंद्रशेखर देविदास पाटील

(दोन्ही साक्षीदार दुकानातून वर आले. सही करण्यासाठी दोघांनाही हातातल्या पिशव्या खाली ठेवाव्या लागल्या. — गु. ना. ता.)