एकट्याची फौज

गिलगाल,
जवाची कापणी संपता संपता

चि. सौ. होग्ला हिस अनेक उ. आ.,

इकडे सर्व क्षेम; तुझ्या सासरच्या राजाने मात्र ते राहू द्यायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. दरसालची खंडणीची लोकर मवाबातून यंदा आलीच नाही, आणि आमचा इस्राएलचा राजा थंडीने नाही, रागाने कापतोय. येत्या नवचंद्राला गावोगावच्या वेशीत फौज गोळा होणार.

आपली रीत तू विसरली नसशील. निघण्याआधी अंमलदार विचारतो, नवं घर बांधून त्यात राहिला नाही असा कोणी आहे का? द्राक्षमळा लावून फळ चाखलं नाही असा? मागणी झाली पण लग्न राहिलं असा? त्याने घरी जावं. शेवटी विचारतो, घाबरलंय कोण? त्यानेही जावं. त्यामुळे सध्या गावात जिकडेतिकडे मळेच मळे. शेजारच्या मल्कीयाने फुटक्या रांजणात एक वेल खोचलाय आणि त्याला मळा म्हणा असं सगळ्यांना बजावत फिरतोय.

आमचे चिरंजीव यारीव मात्र हट्टाला पेटलेत. मळा लावून देतो म्हटलं, नको. मुलगी बघतो म्हटलं, नको. मी जाणारच, एवढंच. समोर तुझा लेक इथ्मा उभा असेल हे मनात येतं आणि पानावरून उठतो. एका ताटात जेवलेली पोरं ही. काहीतरी सुचव गं.

लोभ आहेच, तो सरहद्दीने अडू नये.
तुझा दादा,
अखियाम

आर्णोन नदीपलीकडून,
नवचंद्राच्या आधी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.,

तुझ्या पत्राची खापरी पोचली. लोकरवाल्याने वाटेत तिच्यावर लोणी ठेवून खाल्लेलं दिसतं, पण वाचता आली.

आमच्याकडे असले लाड नाहीत. दवंडी पिटली की भाला उचलायचा. इथ्मा गेलासुद्धा. बाकीची पोरं किल्ल्यावर सावलीची जागा मागतात. या शहाण्याने नदी पायी ओलांडायच्या उतारावरचा पहारा मागून घेतला, तुमची माणसं येतील तिथलाच. का रे बाबा, विचारलं तर भाला पुसत बसला. दोघंही आपल्या घराण्यावर गेलेत.

यारीवला म्हणावं, भितो म्हणायला लाज कसली? राजे स्वतः भितात म्हणून तर आपली पोरं पुढे घालतात. दादा, माझा उजवा हात डाव्यावर उगारलाय. मी आवरू तरी कोणता?

वहिनीला नमस्कार, मल्कीयाच्या मळ्याला पाणी.
तुझी,
होग्ला

गिलगाल,
नवचंद्राच्या दुसऱ्या दिवशी

चि. सौ. होग्ला हिस आ.,

घाईत लिहितोय, सांडणीवाल्याच्या हाती देतोय. काल अंमलदार आला. घराचं विचारल्यावर निम्मी मंडळी गेली. मळ्याचं विचारल्यावर मल्कीया पुराव्यादाखल आणलेला रांजण कडेवर घेऊन निघाला. लग्नाचं विचारलं तेव्हा तोंडात एकही दात न उरलेला शम्मूवा आजोबा लाजत लाजत उठला. घाबरल्याचं विचारल्यावर उरलेले आभाळाकडे बघत पांगले. आसपासच्या गावांतही म्हणे हेच झालं.

राहिला एकटा यारीव. अंमलदाराने सुस्कारा सोडला, आपल्याही नव्या घराला अजून दार बसवायचंय असं सांगितलं आणि तोही गेला. आमचे चिरंजीव भाला खांद्यावर टाकून एकटेच तुमच्या राज्यावर चाल करून निघालेत. तुझी वहिनी रडतेय आणि मधूनमधून मला शिव्या घालतेय.

इथ्माला सांग, फौज दिसली की आधी तोंड बघ. तोंड एकच असेल.
हात जोडतो,
दादा

आर्णोन नदीपलीकडून,
नवचंद्राच्या चौथ्या दिवशी

ती. दादास शि. सा. न.,

पोरगा सुखरूप आहे, हे आधी वहिनीला वाचून दाखव. मग पुढचं.

तुझी खापरी मिळताच मी भाकरी आणि मीठ घेऊन उतारावर धावले. तिथे यारीव गुडघाभर पाण्यात, समोर इथ्मा, आणि मागून आमचा नाईक मार मार म्हणून ओरडतोय. मी पाण्यात शिरले आणि यारीवच्या तोंडात मीठभाकरी कोंबली. आमच्यात, आपलं मीठ खाल्लेल्यावर हात उचलता येत नाही. नाईक कुरकुरायला लागला, तर एक घास त्याच्याही तोंडात दिला. मग तोही पाहुणा.

आमच्या राजाने जाहीर केलंय की इस्राएलची सगळी फौज नदीवर थोपवली. तुमचा सांगेल, आपली फौज मवाबात शिरली आणि एकही माणूस गमावला नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत.

घरी आल्यावर मी यारीवला फैलावर घेतलं. तो म्हणाला की वाटभर नुसती भीती वाटत होती. मग वेशीतच का नाही रे सांगितलंस, विचारलं. म्हणाला, बाकीच्या गावांतून कोण येणार ते कुठे ठाऊक होतं. दुसरा कोणी आला असता तर त्याने इथ्माला ओळखलं नसतं, सरळ भाला फेकला असता. मी इथ्माकडे पाहिलं. तो मान खाली घालून भाकरी कुस्करत होता. उतारावरचा पहारा त्याने का मागितला, ते मला तेव्हा कळलं. दादा, मी चुलीकडे तोंड फिरवून खूप रडले.

आता दोघं अंगणात घोरताहेत. यारीवबरोबर द्राक्षाची कलमं पाठवते. त्याच्याच हाताने लावून घे, आणि फळ काही झालं तरी चाखू देऊ नकोस.

लोभ असावा, मीठ लागेल तेवढं माझ्याकडे आहे.
तुझी,
होग्ला