आठ ते दहा, दाराला कडी

१८ एप्रिल ९१, जळगाव
धुळ्याचं लेखन शिबिर संपवून आले. सोनवणे सरांचं एकच: जागा ठरलेली, वेळ ठरलेली, कुणी हाक मारली तरी उठायचं नाही. माझ्याकडे चौदा गोष्टींच्या सुरुवाती, शेवट एकीचाही नाही. मेअखेर पूर्ण कथा पाठवली तर सर स्वतः वाचणार आहेत. शाळेला सुट्टी लागलीय. आता नाही तर कधी?

२० एप्रिल
पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल. ८ ते १०. दाराला कडी. दोन पानं झाली! आईला सांगितलं, पेपर तपासतेय. खरं सांगायचं म्हणजे... जाऊ दे.

२३ एप्रिल
समोरच्या शांताक्कांचे उडदाचे पापड. आळीतल्या सगळ्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर. ज्या घरी पापड, त्या घरी सगळ्यांनी जायचं, हे काय आजचं आहे? शांताक्कांनी खिडकीतून दोन हाका मारल्या. उठले नाही. आई एकटी गेली. दीड पान.

२६ एप्रिल
आज कोपऱ्यावरच्या घरी पापड. मी कडी लावून आत. तिकडे काय हसत होत्या बायका! दोन तास कान देऊन बसले, एक ओळ नाही. तरी उठले नाही. मूर्खासारखी.

३० एप्रिल
आज आमचे पापड. आई पहाटेपासून पीठ कुटत होती. आठ वाजले, नऊ वाजले, कुणी नाही. आई दाराकडे बघत म्हणाली, "आते एवढा बठ्ठा पापड कोन लाटी?" टेबल सोडून लाटायला बसले. दोघींच्या हातांनी होणार किती? पीठ कडक व्हायला लागलं. आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. लाटता लाटता रडले.

२ मे
धीर करून शांताक्कांकडे. "राग आलाय ना, अक्का?"
"लाटाले नही उनी याना राग नही. आमले वाटनं, आमनासंगे बसानी तुले लाज वाटस."
त्यांच्यात बसायची मला लाज? मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकलं. पेपर नव्हते, गोष्ट लिहीत होते, होईल की नाही माहीत नाही म्हणून लपवलं. अक्कांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बस एवढंच?" आणि चहा टाकला.
परत येऊन सरांना कार्ड लिहिलं. वेळ बदलली तर चालेल का?

९ मे
सरांचं उत्तर. "बाई, मला आठ ते दहा जमायचं, कारण दार आमची मंडळी सांभाळायची. आल्यागेल्याचं तीच बघायची, लग्नकार्यालाही तीच जायची. हे शिबिरात सांगायला हवं होतं, सुचलंच नाही. तुम्हाला जमेल ती वेळ धरा."
आधी चिडले. मग पुन्हा वाचलं. सरांनी आपल्या हातानं लिहून कबूल केलंय, हेही काही कमी नाही.

१४ मे
आता दुपारी २ ते ४. उन्हानं आळी झोपलेली असते. घामानं कागद हाताला चिकटतात, पण चाललंय. सकाळी पापड, कुरडया, ज्याच्या घरी असेल तिथे. अक्कांनी आळीभर करून टाकलंय. भाजीवालीनंही विचारलं, "झाली का गोष्ट?" लपायला जागा उरली नाही. एकोणीस पानं.

२८ मे
शेवट सुचत नाही. तीन लिहिले, तिन्ही फाडले. सरांकडे पाठवायला तीन दिवस राहिले. आई म्हणते, जेवढी झाली तेवढी वाचून दाखव. उद्या दुपारी अक्का आणि आणखी दोघी येणार आहेत. अक्कांना आधीच सांगितलं, शेवट नाहीये. म्हणाल्या, "नही ते नही. तू वाच."
भीती वाटतेय. शिबिरात सरांसमोर वाचताना एवढी वाटली नव्हती.