ल्यूकच्या घराण्याचे तीन पत्ते

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
आमच्या इराला ल्यूकशी लग्न करायचंय. मुलगा कॅनडाचा, अकेडियन, म्हणजे तिकडच्या जुन्या फ्रेंच वस्तीतला. ऑफिस दुबई मरीनात. मी शांतपणे सांगितलं, घराण्याची चौकशी झाल्याशिवाय होकार नाही. विभावरी चटकन म्हणाली, करा की, अगदी सावकाश करा. संसारात पहिल्यांदाच एकमत.

४ नोव्हेंबर
ल्यूकने वंशावळ पाठवली. चर्चच्या नोंदी, जुन्या याद्या, एकोणीस पानं. दोन दिवसांत उरकतो. फ्रेंच येत नाही, पण गावांची नावं वाचायला भाषा कशाला?

९ नोव्हेंबर
मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामात चार दिवस गेले. पण आज सापडलं! पूर्वज ज्याँ. १७०२ला पहिलं मूल, गाव पोर्ट रॉयल. १७०८ला दुसरं, रिव्हिएर दोफाँ. १७३०ला इंग्रजांच्या यादीत, अ‍ॅनापोलिस रॉयल. तीन पत्ते! घरमालकाशी पटत नसणार. सव्वीस वर्षं अबू धाबीत राहतोय, मला भाडेकरू लगेच कळतो.
मायलेकी दिवसभर बाहेर.

१४ नोव्हेंबर
प्रकरण गंभीर. १७५५ला सगळ्या कुटुंबाला जहाजात घालून देशाबाहेर काढलं. सरळ व्हिसा कॅन्सल. काहीतरी केल्याशिवाय असं होत नाही. इरा म्हणाली, बाबा, प्लीज डोंट मेल हिज डॅड. मेल उद्या.

१५ नोव्हेंबर
ल्यूकच्या वडिलांना मेल केला. भाषा सभ्य. घरं का सोडली आणि हाकललं का, एवढंच विचारलं.

१७ नोव्हेंबर, दुपारी
उत्तर आलं. ज्याँ कुठेही गेला नव्हता. पाद्री कधी वस्तीचं नाव लिहायचा, कधी नदीचं, आणि १७१०ला इंग्रजांनी गाव जिंकून नावच बदललं. पुढे बिनशर्त निष्ठेची शपथ घेतली नाही म्हणून सगळ्यांना बोटीत कोंबलं. ज्याँच्या दोन नाती वाटेतच गेल्या. वर लिहितात, आमच्याकडेही एवढं बारकाईने कुणी वाचलं नाही. मला लाज वाटली. फार वाटली.
शेवटची ओळ: चोवीसला कोर्टात भेटूच.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळी
विभावरीला विचारलं. कोर्टातल्या लग्नासाठी चोवीस तारीख त्यांनी एक नोव्हेंबरलाच घेऊन ठेवली होती. मला चौकशीत गुंतवून ठेवायची आयडिया तिची.

१८ नोव्हेंबर
जेवताना होकार जाहीर केला. इरा थँक्स बाबा म्हणाली. विभावरी म्हणाली, आता तुमचा शिवून आलेला जोधपुरी घालून बघा, बाह्या लांब झाल्यासारख्या वाटतात.