टीव्हीतली सासू अन् सोनीची थाळी

चि. प्रफुल, तुले मोठीमायचा आशीर्वाद. थोरली म्हून जितका द्यायचा तितका, अन् टीव्ही पाठवलास म्हून त्यावर आणखी एक ओंजळ. तुझं पोट कसं आहे, पुण्याचं पाणी मानवलं का, ललिता तुले वेळेवर जेवाले देते की तूच तिले देतोस, ते कळव. इथी सगळे बरे आहेत. धान पोटरीत आलं, माझे गुडघे जिथल्या तिथी आहेत. पत्र नातसून नीलिमा लिहून राह्यली. (मधे मधे शाळेची भाषा टाकते. मी वाचून दाखवाले लावते अन् काढते.) फोन काऊन नाई केला म्हणशील, तं फोनवर मी बोलली की कुंपणापलीकडं तुझी माय ऐकते. आता ती शेळ्या घेऊन तळ्यावर, बोडीकडं गेली, तेवढ्यात उरकते. दिवाळीले तू तिच्यासाठी माझ्याहून मोठा टीव्ही आणून राह्यला असं ऐकलं. पोरानं असंच असावं. त्याचं मी शेवटी बोलते.

तू विचारलं होतंस, मोठीमाय, टीव्ही आवडला का. बाबू, तुझे उपकार आहेत म्हून खरं सांगते. बातम्यांत सहा माणसं सहा खिडक्यांतून एकमेकांवर ओरडतात, अन् घरवाला त्याईले घोटभर पाणीही विचारत नाई. हवामान सांगणारा पोरगा गुणी आहे, पण नकाशासमोर उभा राहते तो नेमका आपल्या बाजूनं. मुंबईले पाऊस, नाशिकले पाऊस, अन् गडचिरोलीत काय होणार ते त्याच्या कोटाले माहीत. वाघाचा एक कार्यक्रम लागते. त्यात एक साहेब झुडपामागं बसून कुजबुजते. आपल्या इथी वाघ आला की थाळ्या बडवतात, अन् हा म्हणते हळू बोला. सिनेमातला हिरो जंगलात पळते तं खाली पाहतच नाई. काटा नाई, इंगळी नाई, अन् पांढरे बूट शेवटपर्यंत पांढरे. (नातू सुनिल म्हणते, आजी, ते खोटं असते. मले ठाऊक आहे रे बाबा. पण खोटं बोलाचं तं जरा चिखल लावून बोलावं.) रांधायचा कार्यक्रम मात्र पाहू नको. एवढ्या मोठ्या ताटात एवढंसं काहीतरी ठेवतात, अन् खाणारा डोळे मिटते. आपल्याकडं धानाच्या रोवणीच्या बाईले एवढंच वाढलं तं ती डोळे मिटणार नाई, वटारील.

पण संध्याकाळची मालिका, प्रफुल, तिच्यासाठी तुले जन्मभर दुवा देईन. त्या घरात पाच बायका अन् शेणाले हात लावणारी एकही नाई, हे मी माफ केलं. तुझी माय अन् मी सख्ख्या जावा, पण मोहाच्या झाडावरून बोलत नव्हतो हे तुले माहीत आहे. झाड माझ्या शेताच्या धुऱ्यावर, फुलं पडतात तिच्या धानाच्या बांधीत. तू टीव्ही तिले देऊन राह्यला होतास तवा, असला गोंगाट मले नको, मोठीले दे, असं ती म्हणाली ते या रागातच. मग मालिका लागली की तिची शेळी नेमकी माझ्या कुंपणाशी बांधलेली दिसू लागली. शेळीले पाला घालाले एवढा वेळ लागत नाई. मी आवाज वाढवून ठेवत होती. घरच्यांना सांगितलं, माझे कान गेले. (नीलिमा, हसू नको, लिही.)

असंच चाललं होतं, अन् एक दिवस मालिकेतली थोरली सासू जिन्यावरून पडून मेली. फोटोले हार चढला. मी डोळे पुसत चुलीवर भात ठेवला, तं दारात तुझी माय. हातात झाकलेली थाळी. भात, लाखोरीचं वरण, वांगं. म्हणाली, "चूल विझवा, बाई. मरण तुमच्या घरात झालं." टीव्ही माझ्या घरात, म्हून मरणही माझ्याच घरचं. मी चुलीतली लाकडं ओढली. कडू घास म्हून आम्ही दोघी तिथंच बसून जेवलो, आमच्या खऱ्या सासूसाठी रडलो नव्हतो तेवढं रडलो. (सासूबाई, रागावू नका. तुम्ही जिन्यावरून पडल्या नव्हत्या.)

पुढल्या आठवड्यात ती सासू नदीकाठी जिवंत सापडली. तुझी माय माझ्या बाजूले बसूनच पाहत होती, ती उठली अन् म्हणाली, "बाई, माझा भात वापस करा." मी म्हटलं, "सोनी, अर्धा तं तूच खाल्ला." पण थाळी रिकामी कशी वापस करायची, म्हून मी त्यात वाफवलेले मुठिये घालून दिले. तिनंही थाळी रिकामी धाडली नाई, मग मीही नाई. ती थाळी अजून फिरून राह्यली. मोहाचं भांडण सुटलं नाई, पण यंदा एकाच झाडाखाली वेचलं, अन् सून कशी लबाड आहे यावर बोललो. (सून मालिकेतली. नीलिमा, तू कशाले थांबली?)

हे सगळं तुझ्यामुळं झालं, म्हून तुझे पाय दुखू नयेत, पोट साफ राहावं, असं म्हणून थांबते.

तुझी मोठीमाय, रुखमाबाई

ता. क. दिवाळीच्या टीव्हीचं राह्यलं. तो आणू नको. तिच्या घरी टीव्ही आला तं ती इथी कशाले येईल? घेऊन ठेवला असशील तं ललिताच्या माहेरी दे, त्याईचाही आशीर्वाद घे.

ता. क. दुसरा. मायसाठी आणायचंच असेल तं एक बुटकी खुर्ची आण. तिले खाली बसवत नाई, उठताना माझाच हात धरते अन् माझेही गुडघे बोलतात. खुर्ची माझ्या घरी ठेवीन.

ता. क. तिसरा, हा तिले सांगू नको. मालिका संपली की ती रिमोट पदरात बांधून आपल्या घरी नेते, मी तिच्याबिगर पुढचं पाहू नये म्हून. मीही म्हणते, काय करू सोनी, आता टीव्ही लागणार कसा. टीव्हीच्या मागं एक बटण असते. नीलिमानं मले ते पहिल्याच दिवशी दाखवलं.