मेन पाडून बाहेर पडायचं

नाना,

माझा कॉम्प्युटर अडकून बसला आहे आणि त्याला तुम्ही जबाबदार आहात. तुम्हांला जाऊन चोवीस वर्षं झाली, तुम्ही हयातीत या यंत्राला बोटही लावलं नव्हतं, तरीही तुम्हीच. पुरता मेला असता तर रडून मोकळी झाले असते, पण तो मेलेलाही नाही. बटण दाबलं की जागा होतो, कुठल्याशा परदेशी तळ्याचं चित्र दाखवतो, पासवर्ड मागतो. पासवर्ड घातला की ‘वेलकम’ लिहितो आणि तिथेच थिजतो. बाण हलत नाही, गोल फिरत नाही, कुठलंही बटण दाबा, त्याला ढिम्म नाही. ‘या, या’ म्हणून उंबऱ्यातच उभं करणारी माणसं आपल्या नात्यात काही कमी नव्हती, पण ती निदान पाणी तरी विचारायची.

त्या यंत्रात माझी चार वर्षं आहेत. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, मी अहिराणी शब्द गोळा करते. शहाद्यापासून प्रकाशापर्यंत, तापीच्या दोन्ही काठांना, म्हाताऱ्या बायकांच्या ओट्यावर जाऊन बसते आणि त्या बोलतील ते लिहून घेते. शब्द, म्हणी, श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीची गाणी, शिव्यासुद्धा. दोन हजारांवर शब्द झाले आहेत. वही भरली की टाइप करायची आणि वही रद्दीत घालायची, असा माझा शिरस्ता. पक्कं झाल्यावर कच्चं ठेवायचं नाही, हे तुमच्या त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी अंगात मुरवलं. म्हणजे आज जे आहे ते एकाच पेटीत आहे, आणि ती पेटी मला आत घेत नाही. दुसरी प्रत का ठेवली नाही, असं विचारू नका. सगळ्यांनी विचारून झालं आहे.

आठ दिवस मी एकटी झगडले. प्रिंटर काढला, माउस बदलला, सगळ्या वायरी उपसून पुन्हा खोचल्या. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर एक गोड आवाजाची मुलगी म्हणते, “मॅम, एकदा रीस्टार्ट करून बघितलंत का?” म्हटलं, “बाई, रीस्टार्ट केल्यापासूनच हे झालंय. ज्यानं विष घातलं त्याच्याच हातून औषध घेऊ का?” तिनं मला थांबायला सांगून गाणं लावून दिलं. मग यंत्र जुन्या शालीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन रिक्षानं बाजारात गेले. तुमचा रेडिओ ज्यांच्याकडे दुरुस्तीला जायचा ना, त्यांच्याच मुलाचं दुकान. दुकान तेच, फळी तीच; रेडिओच्या जागी आता कॉम्प्युटर उघडे पडलेले असतात. मुलगा म्हणजे साठी ओलांडलेला माणूस, दाढी पांढरीशुभ्र. मला लहानपणापासून ओळखतो आणि लहानपणापासून चिडवतो.

त्यानं यंत्र उघडलं, फुंकर मारली, लावून बघितलं. ‘वेलकम’पाशी थिजल्यावर वकिलासारखी माझी उलटतपासणी सुरू केली. पडला होता का, पाणी सांडलं का, कुणी काही भरलं का. मी नाही, नाही म्हणत राहिले. शेवटी त्यानं विचारलं, “रीस्टार्ट मारा नंतर तुम्ही काय करतस, मॅडम?”

“काय करणार? त्याला वेळ लागतो. मी फिरायला जाते.”

“घर तसंच उघडं टाकीसन?”

“उघडं कशाला टाकू? कुलूप लावते. मेन बंद करते आणि जाते.”

त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “मेन बंद करतस?”

“हो. घराबाहेर पडताना मेन पाडायचा. आमच्याकडे पहिल्यापासून पद्धत आहे.”

“या अल्ला,” म्हणून तो एवढा हसला की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला. “मॅडम, रीस्टार्ट व्हताना ते आतमा नवं सामान भरस. आनि तुम्ही दर खेपले अर्धामाच त्यानी लाइट कापी देतस. ते बिचारं वेलकम म्हनीसन थांबाव नही त काय करी?”

तर नाना, अशी ही तुमची पद्धत. आपल्या गावात, ब्राह्मणपुरीत, वीज नवी आली तेव्हा कुणाच्या तरी खळ्यात तारेची ठिणगी पडून कपाशी जळाली, आणि तुम्ही घरात कायदा केला: शेवटचा माणूस बाहेर पडेल त्यानं मेन पाडायचा. मी शेवटची कधीच नसायचे, तरी तुम्ही बैलगाडीतून मला परत पाठवायचा, बघून ये म्हणून. घर बदललं, वायरी बदलल्या, बोर्डावर आपोआप पडणारी बटणं आली. पासष्टी उलटली तरी माझा हात वर जातो आणि मेन पाडतो. पडद्यावर स्पष्ट इंग्रजीत लिहिलेलं असायचं की काम चालू आहे, बंद करू नका. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला ते वाचता आलं नाही असं नाही. दर वेळी वाचलं, आणि वाचून मेन पाडला. त्या लिहिण्यापेक्षा तुमचा आवाज जुना होता.

आणि त्या पेटीत काय अडकलं आहे हे तुम्हांला सांगायलाच हवं, कारण ते गोळा करायची पाळीही तुमच्याच एका कायद्यानं आणली. पहिल्या वर्षी कॉन्व्हेंटच्या होस्टेलमधून उन्हाळ्याच्या सुटीला घरी आले तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, पायांत काळे बूट आहेत. आई चुलीपुढून उठते, हात पिठाचे, आणि म्हणते, “उनी व माय, उनी मन्ही आंडेर!” माझी लेक आली, एवढंच. ओट्यावरून तुमचा आवाज येतो, “शुद्ध बोला. पोरगीची भाषा बिघडेल.” आई पदर तोंडावर घेते. तिला शुद्ध बोलता येत नव्हतं, नाना. तुम्हांला माहीत होतं. तुम्ही तिला शुद्ध बोलायला सांगितलं नाहीत, गप्प बसायला सांगितलंत, आणि तीही तुमचीच बायको, तिनं ऐकलं. त्या सुटीत आणि पुढच्या सगळ्या सुट्यांत ती माझ्याशी भुवयांनी बोलली. कळण्याची भाकरी हातात धरून भुवया वर करायची, म्हणजे आणखी हवी का. उलथनं तव्यावर दोनदा वाजलं की जेवायला ये. तुम्ही वावरात गेलात की दोन वाक्यं बोलायची आणि लगेच दाराकडे बघायची, चोरी केल्यासारखी.

एकदा मीच चुकले. विहिरीवरून धावत आले आणि ओरडले, “माय, माले भूक लागनी!” तुम्ही घरातच होता. मारलं नाहीत, तुम्ही कधी हात उगारला नाहीत, हे लोक अजून कौतुकानं सांगतात. वही आणायला सांगितलीत आणि ‘मला भूक लागली आहे’ शंभर वेळा लिहायला बसवलंत. आई ताट वाढून समोर उभी. तिला वाचता येत नव्हतं. मी काय लिहिते आहे आणि ते कधी संपणार, तिला काहीच कळत नव्हतं. भाकरी थंड झाली. शंभराव्या वाक्यानंतर तुम्ही वही बघितलीत आणि ‘ल’ किंवा ‘भ’, काहीतरी वळणदार आलं म्हणून शाबासकी दिलीत. पुढे पहिली आले तेव्हा लाल पुठ्ठ्याचा इंग्रजी शब्दकोशही तुम्हीच आणलात. केवढा अभिमान होता तुम्हांला. आईनं तो शब्दकोश देवापाशी ठेवून त्याला कुंकू लावलं होतं.

तुमच्या बाजूचंही मला पुढे कळलं. तालुक्याच्या कचेरीत तुम्ही ‘मन्हा सातबारा’ म्हणालात आणि दोन कारकून तोंडात पान धरून हसले, हे काकांनी सांगितलं. तेव्हाच तुम्ही ठरवलंत म्हणे की आपल्या पोरीला कुणी हसणार नाही. हसलं नाही कुणी. पण अपमान तुमचा होता, नाना, आणि तो फेडायला तुम्ही आम्हां दोघींना उभं केलंत. आई गेली तेव्हा मी बी. एड. करत होते. तिच्या आवाजाची एक टेप नाही. तिच्या तोंडून मी प्रत्यक्ष ऐकलेले शब्द एका पानावर मावतात. बाकीचे दोन हजार मी परक्या बायकांकडून मागून आणले. त्याही टोमणा मारल्याशिवाय सोडत नाहीत. प्रकाशा गावची एक आजी पहिल्याच दिवशी म्हणाली, “माय, तू त साहेबीनसारखी बोलस. कोननी व तू?” कुणाची आहे हे सांगितल्यावर डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, “तुन्ही माय त केवढं गोड गाये व!” मला ठाऊकच नव्हतं. आई गात असे, हे मला सदुसष्टाव्या वर्षी एका परक्या ओट्यावर कळलं. त्या आजीला कानबाईची सगळी गाणी येत होती, आईबरोबर म्हटलेली. मोबाइल पुढे केला तर म्हणाली, “मन्हा आवाज त्या डबीमा कोंडू नको, माय. लिखी ले.” मग लिहून घेतलं. सगळा श्रावण तिच्याकडे जात होते. दिवाळीनंतर ती गेली.

इथवर लिहिलं आणि दुकानातून फोन आला. मला वाटलं होतं हे पत्र रागातच संपवावं, निकाल कळायच्या आधी. आता कळला आहे तर तोही लिहिते. “मॅडम, बठ्ठं मियनं,” तो म्हणाला. सगळं मिळालं! मी पायांत चपला सरकवल्या. मग पुढे म्हणाला, “फक्त एक फाइल उघडस नही. मी बठ्ठं करी देखं. नुसत्या चौकटीच दिसतस.” मी नाव विचारलं. कानबाईची गाणी. अपडेटच्या वेळी तीच उघडी राहिली असणार, तो म्हणाला. मी म्हटलं, “ठीक आहे, तुम्ही प्रयत्न केलात, आभारी आहे.” यावर तो म्हणाला, “राग नका येऊ देऊ, पन इतलं अहिरानीनं पुस्तक लिखी ऱ्हायनात, आनि मन्हासंगे कायम पुन्यानी भाषामा बोलतस!” त्याला बिचाऱ्याला मला हसवायचं होतं. मी फोन ठेवला.

तर ती गाणी गेली. आजी गेली, वही रद्दीत गेली, आणि राहिली होती ती मी स्वतःच्या हातानं मेन पाडून घालवली. हे सगळं तुमच्या नावावर लिहून मोकळं व्हायचं, म्हणून सकाळी कागद घेऊन बसले होते. पाच पानं झाली. हे पत्र जाणार कुठेच नाही, तेव्हा खोटं तरी कशाला राहू द्यायचं?

नंदुरबारच्या दवाखान्यात तुम्ही एकोणीस दिवस होतात. पक्षाघाताचा झटका आल्यावर तुमचं शुद्ध मराठी पहिल्याच दिवशी गेलं, सगळं, एक शब्द उरला नाही. उरली ती फक्त अहिराणी, लहानपणची असावी अशी. तुम्ही दिवसभर बोलत होतात. वावराचं, बैलांचं, तुमच्या आईचं, माझ्या आईचंही. आज ज्या शब्दांसाठी मी गावोगाव ओटे झिजवते ते तुम्ही तिथे पडल्या पडल्या फुकट वाटत होतात, आणि मी खिडकीपाशी पेपर वाचत होते. एक दिवस मी उठले तेव्हा तुम्ही हात पुढे केलात. “कथा चालनी, माय? बस ना मन्हाजोडे.” मी तुमच्याकडे बघितलं आणि मग नर्सकडे वळून विचारलं, “काय म्हणताहेत ते?” ती सातपुड्यातल्या मोलगीकडची पोर, तिची स्वतःची भाषाही वेगळी. तिनं मला समजावून सांगितलं, “मॅडम, कुठे चाललात विचारताहेत. जवळ बसायला सांगताहेत.” “असं का,” म्हणून मी खुर्ची ओढली.

मला तुम्ही म्हणालात तेव्हाच कळलं होतं, नाना.