फुलं चालतील, पाणी नाही

विहीणबाई रुम्सियाह यांना केडुंगसारीच्या मच्छी बाजारातून दास्मीचा सलाम पोहोचावा.

तुमची तब्येत कशी आहे, हे मी रीतीप्रमाणे विचारते आहे. उत्तर आलंच पाहिजे असं नाही. तुमच्या डोंगरातल्या थंडीत गुडघे आखडत असतील. व्याहीबुवांचा खोकला गेला नसेल तर त्यांना सांगा, लवंगेच्या सिगरेटीत लवंग असते म्हणून ती औषध होत नाही. माझी तब्येत उत्तम आहे. दोन दात उरलेत. ते समोरासमोर नसल्यामुळे चावायला उपयोगी पडत नाहीत, पण बोलताना शब्द अडवतात. (लोक म्हणतात, अजून दोन-चार हवे होते अडवायला.) मी दुसरीपर्यंत शिकलेली, त्यामुळे अक्षर मोठं येतं आणि कागद जास्त लागतो. पत्र जाड आहे म्हणून आत काही ठेवलंय असं समजू नका.

तार्योनो गेल्याच्या सातव्या दिवसाला तुम्ही शिजवून आणलेला भात मी पातेल्यासकट रस्त्यावर फेकला, त्याला आता चार वर्षं झाली. तुमच्या मुलीला विटांचं घर हवं होतं, म्हणून माझा मुलगा परदेशी मासेमारी जहाजावर गेला आणि तिथेच मेला, असं मी तेव्हा साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं. तुम्ही नुनिंगला आणि दोन वर्षांच्या किनांतीला घेऊन बसमध्ये बसलात, त्या बसलातच. सुनेचं तोंड दिसलं नाही, नातीचं दिसलं नाही. मी त्या विषयात शिरत नाही, आणि काही मागायलाही हे पत्र लिहीत नाही. वाचनालयात माझ्या हातून जरासं पाणी सांडलं, त्यावरून गावात नाही नाही ते उठलंय. कुणी म्हणतं म्हातारीने जादूटोणा केला, कुणी म्हणतं वाचनालय जाळलं. बसवाल्यांच्या तोंडून ते तुमच्यापर्यंत वाकडंतिकडं पोहोचायच्या आत सरळ पोहोचावं, एवढाच उद्देश.

तर वाचनालय. ते माझ्या टोपलीपासून साठ पावलांवर आहे, पण साठ वर्षांत मी आत गेले नव्हते. मला पुस्तकाचं काम काय? मासे बांधायला वर्तमानपत्र बरं पडतं. पण गेल्या वर्षी त्यांनी दर शनिवारी दुपारी दोन वाजता फुकट माहितीपट दाखवायला सुरुवात केली. माहितीपट म्हणजे ज्या सिनेमात नाचगाणं नाही, मारामारी नाही, आणि एक माणूस दिसत नाही पण सारखा बोलत असतो. (तुमचे धाकटे दीर आठवले.) मी गेले ते तिथे गार हवेचं यंत्र आहे म्हणून आणि उकडलेल्या शेंगा मिळतात म्हणून. दुपारी दोनला बाजारात माश्या सोडून कोणी गिऱ्हाईक नसतं. पहिल्या शनिवारी कासवं पाहिली. दुसऱ्या शनिवारी एक जुनी मशीद पाहिली, जिचे खांब मोजण्यात अर्धा तास गेला. तिसऱ्या शनिवारी परत कासवं. माझ्या अंगाला खारवलेल्या मासळीचा वास असतो, त्यामुळे माझ्या शेजारच्या तीन खुर्च्या कायम रिकाम्या. पाय पसरून बसता यायचं. माझ्यापुढे विर्योमास्तर. दिवा मालवला की झोपतात, दिवा लागला की टाळ्या वाजवतात. बाकी कॉलेजची चार पोरं, त्यांना हजेरीची सही हवी असते.

सिनेमा संपला की एक अर्ज भरून द्यावा लागतो. ‘या माहितीपटातून आपण काय शिकलात?’ मी दर वेळी ‘काही नाही’ असं लिहायची. वाचनालयाच्या एन्दांगबाई मला म्हणाल्या, “आजी, काहीतरी लिहा हो, वरच्या ऑफिसात पाठवायचं असतं.” मग मी ‘कासवं फार जगतात’ असं लिहिलं. आणि अर्जाच्या तळाशी शेवटचा प्रश्न असतो, ‘पुढच्या शनिवारी काय पाहायला आवडेल?’ ज्याला जास्त मतं, तो सिनेमा लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सात शनिवारांमागे बोटीवरच्या खलाशांचा माहितीपट लागला. कुणी राजधानीच्या मुलीने केलेला. आधी पाणी, मग पाणी, मग एक वकील, मग परत पाणी. मी शेंगा सोलत होते. मग पडदा हलायला लागला, म्हणजे कुणा खलाशानं फोनवर काढलेलं होतं ते, आणि त्यात माझा तार्योनो बसला होता. डेकवर, पाय पसरून, मांडीवर पत्र्याची थाळी. दाढी वाढलेली, गालावर हाड वर आलेलं. तो हसला, काहीतरी बोलला आणि गेला. मग परत वकील आला. अकरा आकडे मोजून होतात एवढा वेळ. (तो काय बोलला ते एवढं महत्त्वाचं नाही.) शेंगेचं टरफल माझ्या तोंडात तसंच राहिलं. मी ते चावत बसले आणि दिवा लागल्यावर सगळ्यांसारखा अर्ज भरला. शिकलात काय? काही नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याला कंपनीकडून फक्त एक पत्र आलं. ताप आला, गेला, समुद्रात सोडला. सोबत एका पांढऱ्या गुंडाळीचे तीन फोटो, तेही लांबून. त्या गुंडाळीत माझा मुलगा आहे की गव्हाचं पोतं, हे आईलासुद्धा सांगता येणार नाही. आणि इथे तो हसत होता.

मग मी शेवटच्या प्रश्नाकडे वळले. कोरे अर्ज मागून घेतले, बाजारात नेले आणि मासळीच्या रांगेतल्या सव्वीस बायकांची मतं गोळा केली. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून सव्वीसही मीच लिहिले. सोमवारी एन्दांगबाई बाजारात आल्या.

“आजी, हे सगळे अर्ज एका हातचे आहेत.”

“हात एक आहे बाई, मतं सव्वीस आहेत.”

“अर्जांना वास पण एकच आहे.”

“मग वासाला मत नाही का?”

त्या म्हणाल्या, ज्यांनी मत दिलं त्यांनी सिनेमाला यायलाही हवं. मग त्या सव्वीसजणींना घेऊन मी गेले. टोपल्या दाराशी ठेवल्या. टोपल्यांच्या मागोमाग बाजारातली मांजरं आली आणि लहान मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाखाली जाऊन बसली. त्यातली एक तिथेच व्याली. तार्योनो पडद्यावर आला तेव्हा सव्वीसच्या सव्वीसजणी मोठ्यानं रडल्या. कॉलेजच्या पोरांनी त्या दिवशी सही न घेताच पळ काढला, ती परत फिरकली नाहीत. पुढच्या शनिवारी बारा आल्या, त्याच्या पुढच्याला तीन. मी कुणाला नावं ठेवत नाही. दुसऱ्याच्या मुलासाठी बाई दोन शनिवार रडते, तिसऱ्या शनिवारी तिला मासे विकायचे असतात. उरलो मी आणि विर्योमास्तर, आणि मास्तर झोपेतून उठल्यावर पुढ्यात येईल त्या कागदावर सही करतात. अशा रीतीने केडुंगसारीच्या वाचनालयात बहुमताने सलग सहा शनिवार एकच सिनेमा लागला. कासवं पार बुडाली.

वाचनालयात मी कुणाला सांगितलं नाही की हा माझा मुलगा. बाजारातल्या बायकांना बजावून ठेवलं होतं, तोंड उघडलंत तर बघा. सांगितलं की लोक चेहरा पाडून बसतात, पाठीवरून हात फिरवतात, आणि मला माझी पाठ रिकामी आवडते. एन्दांगबाईंना वाटलं, म्हातारीला समुद्राची आवड आहे.

आता पाण्याची गोष्ट. रोजे दहा दिवसांवर आलेत. तुम्हीही तुमच्याकडे कबरींवर फुलं वाहायला लागला असाल. आमच्या कबरस्तानाच्या वाटेवर सध्या चालायला जागा नाही. मी माझ्या नवऱ्याच्या कबरीवर जाऊन आले, सासूच्या जाऊन आले (तिच्यावर कमी वाहिली), आणि पदरात फुलं उरली. गुलाबाच्या पाकळ्या, चाफा, चिरलेली केवड्याची पात, आणि बाटलीत पाणी. तार्योनोला कबर नाही. चार वर्षं दर वर्षी फुलं उरतात आणि दर वर्षी मी ती घरी आणून सुकू देते. या वेळी शनिवार होता आणि दोन वाजत आले होते.

मी पुढच्या रांगेत बसले. वकील येऊन गेला. तार्योनो आला. मी उठले, पडद्याच्या पायाशी फुलं टाकली आणि बाटली ओतली, कबरीच्या उशाशी ओततात तशी, हळूहळू. आता पडद्याच्या पायाशी आवाजाचा काळा खोका असतो आणि त्याची वायर जमिनीवरच खोचलेली असते, हे मला कोण सांगणार? कासवांनी तर सांगितलं नव्हतं. ‘फट्’ झालं. पडदा गेला, दिवे गेले, गार हवा गेली, रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचा पंखासुद्धा गेला. मास्तर काळोखात जागे झाले आणि बारीक आवाजात विचारू लागले, “मी गेलो का?” मी म्हटलं, “नाही हो, अजून नंबर यायचाय.”

तुम्हाला सांगते विहीणबाई, माझ्या मुलाचा चेहरा समोर होता, मी पाणी ओतलं आणि तो गेला. एकदा त्याला पाण्यात सोडला तो परक्यांनी. या वेळी हात माझा होता.

असो. एन्दांगबाई बॅटरी घेऊन आल्या तेव्हा मी खाली बसून पाकळ्या गोळा करत होते. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी उजेड आधी फुलांवर टाकला, मग बाटलीवर, मग माझ्यावर. मग म्हणाल्या, “कोण होता तुमचा?”

“मुलगा.”

“आजी, सहा आठवडे हेच बघायला येताय. आधी सांगायचंत ना.”

“कुठे सांगणार? तुमच्या अर्जात रकाना नव्हता.”

मग त्या माझ्या शेजारी खाली बसल्या आणि पाकळ्या उचलू लागल्या. दुसऱ्या दिवशी पडद्याशेजारी कागद चिकटवलेला दिसला, ‘फुलं चालतील, पाणी नाही.’ वरच्या ऑफिसला फ्यूज कसा उडाला ते कळवताना त्यांनी मांजरांचं नाव सांगितलं. बाई चांगली आहे, फक्त फार हळू बोलते.

आता हा शनिवार शेवटचा. मग रोज्यांचा महिना वाचनालयाचे सिनेमे बंद, आणि सिनेमांची ही पेटी पुढच्या जिल्ह्यात जाणार. परवानगी तेवढीच आहे म्हणतात. तुम्ही म्हणाल, फोनवर उतरवून घ्या. बाजारातल्या एकीने घेतला होता उतरवून. त्यात विर्योमास्तरांचं डोकं आलंय आणि त्यांचं घोरणं आलंय, आणि माझा मुलगा त्यांच्या कानामागे कुठेतरी हसतोय.

तेव्हा कुणी काही सांगितलं तर समजा, आग लागली नव्हती, जादूटोणा नव्हता, फक्त पाणी सांडलं होतं. नुनिंगला माझा आशीर्वाद. व्याहीबुवांना सलाम. पत्र लांबलं, त्याचा दोष माझ्या मोठ्या अक्षराचा.

आपली,
दास्मी

ता. क. – त्या अकरा आकड्यांत तार्योनो काय बोलतो ते लिहायचं राहिलं. राहिलं नाही, मी मागे ठेवलं. फोन धरणारा त्याला विचारतो, “काय रे, जेवण कसं आहे?” तो थाळीकडे बघतो आणि हसून म्हणतो, “सासूबाईंच्या हातचा झणझणीत मिरचीचा संबल असता ना, तर अख्खं जहाज खाल्लं असतं.” तीस वर्षं मी खाऊ घातलं, आणि पठ्ठ्याने नाव घेतलं ते तुमचं! भरल्या वाचनालयात, सव्वीस बायकांसमोर! हे तुम्हाला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. सहा शनिवार ते तोंडात दाबून ठेवलं. आता दोन दातांनी अडत नाही.

ता. क. दुसरा – माणसाला जे आवडत होतं ते त्याच्यापुढे ठेवायचं असतं. मी तुमचा संबल तीनदा करून पाहिला. मिरची तीच, जवळाही तोच, तरी तो तुमचा होत नाही. तुम्ही त्यात काय घालता ते मला सांगू नका, बरणी भरून आणा. घाटात सांडेल, फडक्याने घट्ट बांधा. वाचनालयात खाणं न्यायला मनाई आहे, पण एन्दांगबाई म्हणतात की झाकण बंद असेल तर ते खाणं नव्हे.

ता. क. तिसरा – किनांतीला त्याचा आवाज आठवत नसेल. दोन वर्षांच्या पोराला काय आठवणार? शनिवारी दोन वाजता. सकाळची पहिली बस धरलीत तर पोहोचता. माझ्या शेजारच्या तीन खुर्च्या रिकाम्याच असतात, हे वर लिहिलंच आहे. नुनिंगने पुन्हा लग्न केलं असं ऐकते. बरं केलं. त्यालाही आणा, मास्तरांना मागे सरकवता येईल.

ता. क. शेवटचा – तुमचं पातेलं माझ्याकडे आहे. त्या दिवशी तुमची बस गेल्यावर मीच ते रस्त्यावरून उचलून आणलं. पोचा आला होता, तो ठोकून घेतलाय. चार वर्षांत त्यात काही शिजवलं नाही. येऊन घेऊन जा. आणि भात चांगला झाला होता, विहीणबाई. फेकण्याआधी मी एक घास खाल्ला होता.